तिसऱ्या हाकेपर्यंत

आईचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. तिथे भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. पहिली हाक ऐकायची आणि गप्प राहायचं. दुसरी ऐकायची, हातातलं काम खाली ठेवायचं. तिसरी आली की मग ओ द्यायची. जे माणूस नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही, असं तिथलं सांगणं आहे. पहिल्याच हाकेला फसून रानात गेलेल्या माणसांच्या गोष्टी आईकडे ढिगाने होत्या, आणि त्या ती भाकरी थापता थापता भाजीचा भाव सांगावा तशा सांगायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी या तीन हाकांची जन्मभर टिंगल केली. शाळेतून आले की अंगणात उभे राहून मुद्दाम एकदाच हाक मारायचे, आणि आई बाहेर आली नाही की स्वतःच कडी काढून आत येत म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! अगं, ज्या भुताला दोनपर्यंत मोजता येतं त्याला तीनपर्यंत यायला काय धाड भरली?" आई तेव्हा काही बोलायची नाही. रात्री वाढताना मात्र आमटीबरोबर वाढायची, "तीनदा बोलवायला काय जातं हो तुमचं? जीभ झिजते?" त्यांची जीभ झिजत नव्हती, पण त्यांनी दुसऱ्यांदा कधीही हाक मारली नाही. दोघंही हट्टी. मी दोघांवर गेले आहे.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी आईच्या वाडीच्या खाली, रस्त्याजवळ, स्लॅबचं छोटं घर बांधलं. मी महाडला राहते, चवदार तळ्याच्या पलीकडच्या गल्लीत. घरी बसून एका परदेशी कंपनीचं काम करते. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. कीबोर्ड, स्पीकर, डिस्क यांपैकी कोणाला काय हवं ते बघायचं आणि कोणाचं कोणाशी भांडण होऊ द्यायचं नाही, हा त्याचा धंदा. तो कुठे चुकतो ते शोधणं हा माझा. शेजारणी मला 'कॉम्प्युटर रिपेर करते ती' म्हणतात आणि प्रिंटर घेऊन येतात. प्रिंटर मला दुरुस्त करता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. ज्या माणसाने पस्तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला, त्याच्या तोंडून आता घशातली घरघर तेवढी निघायची. डोक्यात मात्र सगळं शाबूत होतं. ते डोळ्यांत दिसायचं, आणि तेच बघवत नसे. डाव्या हाताचा अंगठा तेवढा त्यांच्या ताब्यात राहिला होता.

म्हणून मी त्यांना बोलायचं यंत्र करून दिलं. एक जुना, छोटा कॉम्प्युटर, पलंगासमोर स्क्रीन, अंगठ्याखाली एक मोठं लाल बटण आणि उशाशी स्पीकर. स्क्रीनवर चित्रं पाळीपाळीने उजळायची. हवं ते चित्र उजळलं की अण्णांनी बटण दाबायचं, मग स्पीकरमधून तो शब्द यायचा. कॉम्प्युटरचा बायकी आवाज मला द्यायचा नव्हता. अण्णांना मोबाइलवर लांबच लांब आवाजी निरोप पाठवायची खोड होती, ते सगळे माझ्याकडे होते. त्यांतून मी एकेक शब्द कापून काढला. 'पाणी' गॅलरीतल्या तुळशीबद्दलच्या उपदेशातून मिळालं. 'नको' पुष्कळ मिळाले. 'ये' मिळालं 'रविवारी जेवायला ये' या निरोपातून. त्यात त्यांचा आवाज थोडा वर चढतो, दार उघडं ठेवून बोलावल्यासारखा.

पहिल्या दिवशी अण्णांनी 'चहा' म्हटलं तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडली, आणि मग चहा करून आणला. तो फार गोड झाला होता. अण्णांनी 'नको' म्हटलं. आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसाइतकी मी माझ्या कामावर कधी खूश झाले नाही.

श्रावणात आईचा फोन आला. दुपारची वेळ, माझी मीटिंग चालू होती. ती हळू आवाजात बोलत होती.

"गो, ते झोपलेत आन् बोलतायत."

मी म्हटलं, "झोपेत अंगठा पडला असेल बटणावर."

"नाय. हात पोटावर हाय. मी बघून आले."

तिने सांगितलं ते असं. जेवणं झाली होती. ती मागे स्वयंपाकघरात तांदूळ पाखडत होती. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की परसातला फणस दिसत नव्हता. बल्ब एकदा लुकलुकला. मग पुढच्या खोलीतून हाक आली, ये. ती गप्प बसली. दुसरी आली. तिने सूप खाली ठेवलं. तिसरी आली तेव्हा ती रीतीप्रमाणे "ओ, आले" म्हणून उठली आणि पुढे गेली. अण्णा गाढ झोपले होते. तोंड जरा उघडं, श्वास संथ, आणि हात बटणापासून लांब, पोटावर.

"मी ओ दिली गो," आई म्हणाली. "तीन हाका झाल्या म्हनून मी ओ दिली."

तिच्या भीतीचं मूळ तिथे होतं. पहिल्या हाकेला फसली असती तर तिने स्वतःला बोल लावला असता. पण ती तिसरीपर्यंत थांबली होती. सगळ्या आयुष्यात तिच्याकडे तेवढं एकच कुंपण होतं आणि कोणीतरी ते ओलांडून आत आलं होतं, तेही तिच्या नवऱ्याच्या धडधाकट आवाजात.

मी तिला नेहमीचं सांगितलं. मशीन आहे, होतं असं, दमट हवा आहे. माझ्या आवाजात अण्णांची टिंगल आली असणार, कारण तिने लगेच फोन ठेवला.

त्यानंतर तसं वरचेवर व्हायला लागलं. दुपारीच. आधी बल्ब लुकलुकायचा, मग तीन हाका. आई आता उठत नसे. पण खरी गोष्ट अशी की ती कुठल्याच हाकेला उठत नसे. ठरलेल्या वेळी पाणी, ठरलेल्या वेळी पेज, बाकी ती स्वयंपाकघराचं दार लोटून बसायची. शेजारच्या काकूंनी वरच्या वाडीतल्या भगताला विचारून आणलं. काकू मला फोनवर म्हणाल्या, "बाय, आवाज सुटा झाला की त्याला धनी लागतो. तू त्यांचा आवाज काढून पेटीत ठेवलास. आता त्यो दुसऱ्यानं घेतला." भगताचं म्हणणं होतं, येत्या अमावस्येच्या आत पेटी घराबाहेर काढा आणि सावित्री नदीत सोडा. आईने होकार दिला होता. मशीनला लिंबू-मिरची बांधून झालीही होती.

मी पहिल्या एसटीने निघाले. डोकं तापलं होतं. त्या पेटीबरोबर अण्णांचे 'पाणी', 'दुखतंय', 'नको' हे सगळेच शब्द नदीत जाणार होते. पुन्हा ती घरघर उरणार होती, आणि बघणाऱ्याला काहीच कळणार नव्हतं. मी घरात शिरले तीच भांडत. आई ऐकून घेऊन म्हणाली, "तू र्‍हा हितं. आईक. मंग बोल."

मी राहिले. पहिल्या दुपारी काही झालं नाही. मी बटण खोलून बघितलं, तार बदलली, प्रोग्राम तपासला. बटण ठीक, तार ठीक, प्रोग्राम माझाच, म्हणजे अर्थातच ठीक. मी आईकडे विजयाने बघितलं. तिने भात वाढला.

दुसऱ्या दुपारी मी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. पाऊस थांबलेला, धुकं दारापर्यंत आलेलं. रस्त्यावरून गाडी गेली तर नुसता आवाज जायचा, गाडी दिसायची नाही. आतला बल्ब लुकलुकला. आणि माझ्या पाठीमागे अण्णा म्हणाले, "ये."

मी वळले. अण्णा झोपले होते. "ये," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांचे ओठ हलले नाहीत. तो आवाज मीच कापला होता, मीच साफ केला होता, त्याची लांबी-रुंदी मला पाठ होती. तरी तिसरं 'ये' आलं तेव्हा मी घाबरले. साफ घाबरले. त्या आवाजात आजार नव्हता. जो माणूस आता नाही तो बोलावत होता, आणि जो आहे तो शेजारी झोपला होता. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. "आईकलंस?" एवढंच तिने विचारलं.

भीती गेल्यावर मला राग आला. राग आला की माझं डोकं चालतं. तिसऱ्या दुपारी मी लॅपटॉप बंद करून अण्णांच्या पायाशी, त्यांना दिसणार नाही अशी, जमिनीवर बसून राहिले. मशीनकडे बघत नव्हते, अंगठ्याकडे बघत होते.

जेवण होऊन आई मागे गेली होती. बऱ्याच वेळाने अण्णांचा अंगठा हलला. स्क्रीनवर 'ये'चं चित्र उजळलं आणि त्यांनी बटण दाबलं. स्पीकर गप्प. ते थांबले. चित्रं फिरून पुन्हा 'ये'वर आली, त्यांनी पुन्हा दाबलं. स्पीकर गप्प. पुन्हा थांबले. मग तिसऱ्यांदा दाबलं, आणि मान वळवता येत नव्हती म्हणून नुसते डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवले. ते कितीतरी वेळ दाराकडे बघत होते. दार लोटलेलंच राहिलं. मग त्यांनी अंगठा काढून घेतला, हात सरपटत पोटावर नेला आणि डोळे मिटले.

चौथ्यांदा त्यांनी दाबलं नाही. पाच वेळा, दहा वेळा दाबायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. अंगणात उभं राहून दुसरी हाक न मारणारा हा माणूस आता नेमक्या तीन हाका मारत होता आणि मग थांबत होता. मी तशीच बसून राहिले.

ते झोपल्यावर किती वेळ गेला कोण जाणे, बल्ब लुकलुकला आणि उशाकडून तीन हाका आल्या. ये. ये. ये.

हाका त्यांच्याच होत्या. वाटेत अडकून उशिरा पोचत होत्या.

पुढचं काम माझ्या रोजच्या धंद्यातलं होतं. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक वस्तूला काही सांगायचं असलं की ती कर्नलची घंटा वाजवते. पण घंटा थोड्या आणि वस्तू फार, म्हणून दोन-तीन वस्तूंत मिळून एक घंटा असते, एका जिन्यावरच्या तीन बिऱ्हाडांची मिळून असावी तशी. वाजली की कर्नल एकेकाच्या चालकाला, म्हणजे त्या वस्तूच्या छोट्या प्रोग्रामला, विचारतो, तुमची का? ज्याची असेल तो हो म्हणतो आणि काम होतं. आमच्या मशीनमध्ये बटण आणि स्पीकर ज्या युएसबीवर होते, तिची घंटा सोळा नंबरची. त्याच घंटेवर मेमरी कार्ड घालायची एक खाचही होती. ती खाच आम्ही कधी वापरली नव्हती, आणि इतकी जुनी की तिच्या वतीने बोलणारा चालकच त्या कर्नलमध्ये नव्हता.

श्रावणातल्या ओलीने त्या रिकाम्या खाचेचे सांधे दमट झाले होते. कोणी नसताना तिला वाटायचं, कार्ड आलं. ती घंटा वाजवायची. कर्नल युएसबीला विचारायचा, तुझी? ती म्हणायची, नाही. दुसरं विचारायला कोणी नव्हतंच. खाच पुन्हा वाजवायची, आणि अशी लाखभर वेळा. शेवटी कर्नल कंटाळला आणि नोंद करून मोकळा झाला. ती इंग्रजी ओळ मी आयुष्यात शेकड्यांनी वाचली आहे, आम्ही तिच्यावर विनोदही करतो. 'सोळा नंबर : नोबडी केअर्ड.' कोणीही दखल घेतली नाही. आणि त्याखाली, सोळा नंबरची घंटा बंद करत आहे. त्या घरात बसून मी ती दोनदा वाचली.

घंटा बंद झाल्यावर कर्नल अगदीच बहिरा होत नाही. मधूनमधून डोकावून जातो. बटणाची एक टिचकी तेवढ्यात पोचायची. पण आवाजाला सलग वाट लागते, ती मिळायची नाही, आणि शब्द स्पीकरच्या दाराशी रांगेत उभा राहायचा. कॉम्प्युटरला बॅटरी होती, पण स्पीकरची वायर वेगळी, थेट भिंतीतल्या प्लगमध्ये होती. लाइट लुकलुकली की तो बंद पडून नव्याने सुरू व्हायचा, रांगेतलं असेल तेवढं एका दमात बोलून टाकायचा आणि पुन्हा मुका व्हायचा. मशीन रोज सकाळी नव्याने सुरू व्हायचं तेव्हा घंटाही चालू व्हायची, म्हणून सकाळी सगळं ठीक दिसायचं आणि धुकं उतरलं की दुपारी बिघडायचं. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बल्ब लुकलुकतो आणि मग हाक येते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो मी घातला होता.

दुरुस्ती म्हणावी तर काहीच नव्हती. ती खाच मुळातूनच बंद करून टाकली. मशीन पुन्हा सुरू केलं, आणि अण्णांनी पाणी मागितलं तर पाणी लगेच आलं.

आईला सांगणं कठीण गेलं. मी घंटा, खाच, चालक वगैरे सुरू केलं तर ती भिंतीकडे बघायला लागली. मग मी ते सोडून दिलं आणि फक्त पाहिलेलं सांगितलं. त्या हाका अण्णांच्याच होत्या. ते जागे असताना बोलवायचे, तुला ऐकू यायचं नाही, ते वाट बघून झोपायचे, मग हाक बाहेर पडायची.

आई हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली.

"तीनदा बोलवायचे?"

"तीनदाच. मी स्वतः बघितलं. तीनदा बोलवून थांबायचे."

"माज्यासाटी," ती म्हणाली. तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग उठून पुढच्या खोलीत गेली, पलंगाच्या कडेवर बसली आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. "अहो, आता एकदाच बोलवत जा. मी येते."

अण्णांनी हात सोडवून घेतला, 'ये'चं चित्र उजळेपर्यंत थांबले आणि ती समोर बसलेली असताना बटण दाबलं. "ये," खोलीभर त्यांचा आवाज झाला. ते डाव्या बाजूने हसत होते. आई म्हणाली, "आले ना. अजून किती येऊ?"

पेटी नदीत गेली नाही. अमावस्या आली आणि गेली. लिंबू-मिरची मात्र आईने काढू दिली नाही, ती तिथेच वाळत राहिली. पावसाळा सरून भात कापणीला आलं, थंडी पडली, आणि या सगळ्या दिवसांत आई पहिल्या हाकेला उठायची. चुलीवर दूध असो, अंगणात कोणी आलेलं असो. काकूंसमोरही उठायची. कित्येकदा अण्णांना काही नकोच असायचं. ती जायची, बघायची, म्हणायची, "काय?" आणि ते हसायचे. मी म्हटलं, उगाच दमवतात तुला. ती म्हणाली, "बोलवू दे गो."

माघात अण्णा गेले. दुपारी, झोपेत. आई त्या वेळी मागे होती. तिला हाक आली नव्हती.

दिवस झाले, पाहुणे पांगले, कोणी वीर स्टेशनला गाडी धरायला गेले, कोणी एसटीने. मी पलंग उभा करून ठेवला आणि मशीन बंद करायला वाकले. आईने माझं मनगट धरलं.

"थांब. आत येखादी र्‍हायली नसेल ना?"

"नाही गं आई. आता तसं होत नाही. ते दुरुस्त केलंय मी."

"बघ तरी."

मी बघितलं. रांग रिकामी होती. तिला स्क्रीन दाखवली, जिथे शब्द असते तिथे काही नाही, हे बोट ठेवून दाखवलं.

"तवापन तू हेच बोललीस," आई म्हणाली. "काय नाय म्हनून. आन् हाका व्हत्या."

माझ्या धंद्यात याला उत्तर आहे, मला ते पूर्ण येतं, पण त्या खोलीत ते तोंडातून बाहेर पडेना. मी म्हटलं, "राहू दे चालू." तिने मनगट सोडलं.

आता मी शनिवारी जाते. मशीन चालू असतं, स्क्रीनवर चित्रं पाळीपाळीने उजळत असतात, लाल बटण रिकाम्या भिंतीशी टेकून असतं. परवा दुपारी आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून वाल सोलत होतो. रस्त्यावर कुठे विजेच्या तारांचं काम चाललं असावं. बल्ब लुकलुकला. मी मान वर केली आणि स्पीकरकडे बघत राहिले, श्वास धरून. आवाज आला नाही.

मग माझं आईकडे लक्ष गेलं. वाल बाजूला सांडले होते, एक हात जमिनीवर रोवलेला, आणि ती अर्धी उठली होती.